जो मावरचे पैसे वाया गेले नाहीत

अमेरिकेत एखाद्या बेसबॉल क्लबने आपल्या लाडक्या खेळाडूचा करार सात-आठ वर्षांनी वाढवायचा विषय काढला, की विरोध करणाऱ्यांच्या तोंडी काही नावे ठरलेली असतात. रायन हॉवर्ड, मिगेल कॅब्रेरा, आणि मिनेसोटात हा वाद चालला असेल तर सगळ्यात आधी जो मावर. मिनेसोटा ट्विन्सने 21 मार्च 2010 रोजी मावरशी जो करार जाहीर केला तो आठ वर्षांचा होता. रक्कम 18 कोटी 40 लाख डॉलर. म्हणजे 2011 पासून 2018 पर्यंत दर मोसमाला 2 कोटी 30 लाख. त्या दिवसापर्यंत बेसबॉलमध्ये याहून मोठे करार तीनच झाले होते, दोन अॅलेक्स रॉड्रिगेझचे आणि एक डेरेक जीटरचा. कॅचरला इतका पैसा तोवर कुणी दिलेला नव्हता.

या कराराविरुद्धचा आरोप थोडक्यात असा. पहिल्याच वर्षी मावर निम्म्या मोसमापुरताच मैदानात दिसला. तिसऱ्या वर्षी डोक्याला मार बसला आणि त्याचे कॅचर म्हणून खेळणे संपले. उरलेली पाच वर्षे तो फर्स्ट बेसवर उभा राहिला, आणि त्या जागेवरच्या खेळाडूकडून जे होम रन अपेक्षित असतात ते त्याच्या बॅटमधून आले नाहीत. आठ वर्षांत संघ एकदाच बाद फेरीत गेला, तोही एका सामन्यात हरून परतला. सबब, ट्विन्सने गावच्या पोराच्या प्रेमात पडून तिजोरी रिकामी केली आणि त्यापायी क्लब बुडाला.

यातली प्रत्येक घटना खरी आहे. तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो वर्षानुवर्षे इतक्या सहजपणे सांगितला गेला आहे की त्याला मुद्देसूद उत्तर देणे गरजेचे आहे.

आधी कॅचर म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा वाद त्या जागेवरून सुरू होतो. आपल्याकडचा विकेटकीपर दर चेंडूला वाकतो आणि उठतो. बेसबॉलचा कॅचर बॅटरच्या पाठीमागे उकिडवा बसून प्रतिस्पर्ध्याची अख्खी इनिंग काढतो, आणि अशा नऊ इनिंग. सामन्यात सव्वाशे-दीडशे पिच, म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू, त्याच्या दिशेने येतात. कोणती पिच टाकायची याची खूण तोच पिचरला करतो, पळणाऱ्याला बाद करायला बसल्या जागेवरून उसळून फेक करतो आणि बॅटला चाटून आलेला चेंडू तोंडावरच्या जाळीवर घेतो. हे सगळे करून तो थोडीफार बॅटिंग करत असेल तर क्लब खूश असतात. म्हणूनच बॅटिंगच्या सरासरीत लीगमध्ये पहिला येणारा कॅचर ही जवळजवळ अशक्य गोष्ट मानली जाई. 1942 मध्ये अर्नी लोम्बार्डीने तो मान मिळवला होता. त्यानंतर चौसष्ट वर्षे कुणीच नाही, आणि अमेरिकन लीगमध्ये तर त्याआधीही कधीच कुणी नाही.

मावरने तो 2006 मध्ये मिळवला. मग 2008 मध्ये. मग 2009 मध्ये. कॅचर असून तीनदा सरासरीत पहिला आलेला दुसरा खेळाडू बेसबॉलच्या इतिहासात नाही.

2009 चा मोसम थोडा जवळून पाहायला हवा, कारण त्याच्याच जोरावर करार झाला. पाठीच्या खालच्या सांध्याच्या दुखण्यामुळे मावरचा एप्रिल महिना पूर्ण गेला. 1 मे रोजी तो परतला आणि पहिल्याच वेळी बॅट फिरवून होम रन मारला. मोसमअखेर त्याची सरासरी .365 होती. चालत मिळालेले बेस धरून बेसवर पोचण्याचे प्रमाण .444, आणि फटक्यांच्या ताकदीचा आकडा .587. तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला. सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत पहिल्या पसंतीच्या 28 मतांपैकी 27 त्याला पडली. यष्टिरक्षण आणि ओपनिंग दोन्ही एकट्याने करून वर्षातला सर्वोत्तम फलंदाज ठरावा, तसे हे.

आता पैशाचे बोलू. त्या वर्षी मावरला मिळाले 1 कोटी 5 लाख डॉलर. न्यूयॉर्क यँकीजचा कॅचर होर्हे पोसाडा तेव्हा सदतीस वर्षांचा होता. त्याला वर्षाला 1 कोटी 31 लाख मिळत होते. रॉड्रिगेझला 3 कोटी 30 लाख. म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, भर पंचविशीत, स्वतःच्याच जागेवरच्या उतरत्या वयाच्या खेळाडूपेक्षा स्वस्तात खेळत होता. आणि 2006 मध्ये, सरासरीचा पहिला मान मिळवला त्या वर्षी, त्याचा पगार पाच लाख डॉलरच्याही आत होता.

हा अपघात नाही, ही व्यवस्थाच आहे. 1975 च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल देईपर्यंत अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू क्लबला जन्माचा बांधलेला असे. क्लब दरवर्षी करार आपणच पुढे ढकलत राही. त्या निकालानंतर खेळाडू मोकळे झाले, पण सहा मोसम भरल्यावर. त्यातली पहिली दोन-तीन वर्षे क्लब देईल त्या किमान पगारावर काढायची, पुढची लवादापुढे झगडून. एखादा खेळाडू विशी-पंचविशीत ऐन भरात असतो तेव्हा त्याच्या घामाचा मोठा वाटा मालकाकडे राहतो. मोठ्या मुदतवाढीत मिळणारा पैसा हा बराचसा ती मागची बाकी असतो. टीकाकार फक्त पुढची आठ वर्षे मोजतात आणि मागची सहा वर्षे वहीतून फाडून टाकतात. मावर लायक होता का, हा प्रश्न आठ वर्षे विचारला गेला. त्याआधीच्या वर्षांत त्याला कमी पैशात राबवून घ्यायला क्लब लायक होता का, हे कुणी विचारल्याचे आढळत नाही.

आयपीएल पाहणाऱ्या आपल्या वाचकाला आठ वर्षांचा पक्का करार ही कल्पनाच नवी वाटेल. आपल्याकडे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बहुतेक कोरी होते. बेसबॉलमध्ये सही झाली की खेळाडू जायबंदी झाला तरी पैसे द्यावेच लागतात. जोखीम क्लबची असते हे खरे. पण ती जोखीम घ्यायची की नाही, याचा निवाडा सहीच्या दिवशी जे माहीत होते त्यावर करायला हवा. त्या दिवशी मावर सव्वीस वर्षांचा होता, सत्ताविसाव्याला महिना बाकी. करार सुरू होताना अठ्ठावीस, संपताना पस्तीस. त्याचा जुना करार 2010 अखेर संपणार होता आणि तो बाजारात उतरणार होता. बाजाराचा भाव काय होता तेही त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिसले. बॉस्टनने कार्ल क्रॉफर्डला सात वर्षांचे 14 कोटी 20 लाख दिले. वॉशिंग्टनने एकतीस वर्षांच्या जेसन वर्थला सात वर्षांचे 12 कोटी 60 लाख. दोघेही आउटफिल्डर, दोघांच्याही नावावर सरासरीचा एकही किताब नाही. मावर त्या बाजारात गेला असता तर त्याला याहून कमी मिळाले असते असे म्हणायला फार धाडस लागेल.

ट्विन्सने दुसरा मार्ग पूर्वी वापरून पाहिला होता. कोणता, ते मिनेसोटाच्या जुन्या प्रेक्षकांना विचारावे लागत नाही. रॉड केरू हा सात वेळा सरासरीत पहिला आलेला खेळाडू, 1977 मध्ये .388 पर्यंत गेलेला. मालक कॅल्विन ग्रिफिथ हात आखडता घेणारे, आणि 1978 मध्ये वासेका गावातल्या एका भाषणात त्यांनी कृष्णवर्णीयांबद्दल जे उद्गार काढले त्यानंतर केरूला तिथे राहायचे नव्हतेच. 1979 च्या फेब्रुवारीत तो कॅलिफोर्निया एंजल्सकडे गेला. 4 ऑगस्ट 1985 रोजी त्याने तीन हजारावा हिट मारला तो अॅनाहाइममध्ये, एंजल्सच्या गणवेशात. समोर पिचर होता ट्विन्सचा फ्रँक व्हायोला. मिनेसोटाने घडवलेल्या खेळाडूचा आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण मिनेसोटाच्याच विरुद्ध साजरा झाला.

पुढची पिढी तेच पाहत मोठी झाली. 2002 अखेर डेव्हिड ओर्टिझला क्लबने सोडून दिले आणि तो बॉस्टनचे दैवत झाला. 2007 च्या नोव्हेंबरात टोरी हंटर गेला. 2008 च्या फेब्रुवारीत योहान सांताना, दोनदा सर्वोत्तम पिचर ठरलेला, न्यूयॉर्क मेट्सला दिला गेला. बदल्यात आलेल्या चौघांपैकी एकानेही ट्विन्सचे नशीब बदलले नाही. हिशोबनीस सांगतील की सांतानाचा खांदा पुढे निकामी झाला, म्हणजे त्याला सोडले ते बरेच झाले. खांद्यापुरते ते खरे आहे. पण क्लब दर दोन-तीन वर्षांनी आपला उत्तम माणूस विकतो, हे एकदा प्रेक्षकांच्या मनात बसले की नव्या मुलाचे नाव पाठीवर छापलेला शर्ट घ्यायलाही माणूस कचरतो.

आणि या प्रेक्षकांनी क्लबला नुसते प्रेम दिले नव्हते, पैसा दिला होता. 2001 च्या नोव्हेंबरात बेसबॉलच्या मालकांनी दोन क्लब कायमचे बंद करायचा ठराव केला आणि त्यात ट्विन्सचे नाव घेतले जात होते. कोर्टाने क्लबला मैदानाचा करार पाळायला लावला, म्हणून ट्विन्स वाचले. 2006 मध्ये नव्या स्टेडियमसाठी हेनेपिन काउंटीत विक्रीकर .15 टक्क्याने वाढवला गेला. वीस डॉलरच्या खरेदीमागे तीन सेंट. लोकांचे मत न घेता, विधिमंडळाने खास परवानगी देऊन. त्या करातून सुमारे 35 कोटी डॉलर टार्गेट फील्डच्या बांधकामात गेले. मिनियापोलिसच्या दुकानात मोजे घेणारी बाई आणि हॉटेलात बिल चुकवणारा पाहुणा, दोघेही ट्विन्सच्या मैदानाचे पैसे भरत होते. त्या मैदानावर मोसमाचा पहिला सामना झाला 12 एप्रिल 2010 रोजी. मावरची सही झाली त्याच्या तीन आठवडे आधी.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर भावनेच्या भरात करार केला हा आरोप टिकत नाही. सार्वजनिक पैशातून घर बांधून घेतलेल्या मालकाने, गृहप्रवेशाच्या आधी, त्याच शहराच्या जुळ्या शहरात वाढलेला आणि लीगमध्ये सर्वोत्तम ठरलेला खेळाडू न्यूयॉर्कला जाऊ दिला असता तर तो विश्वासघात झाला असता. मावरला ठेवणे ही त्या करातल्या तीन सेंटची परतफेड होती. 2010 मध्ये टार्गेट फील्डवर 32 लाखांवर प्रेक्षक आले. नव्या मैदानाचे आकर्षण हे त्याचे मुख्य कारण, ते सगळे श्रेय मावरला देणे खोटे होईल. पण 2011 मध्ये संघ 99 सामने हरला तरी 31 लाखांहून जास्त लोक आले, हेही विसरायचे कारण नाही. मालक कुटुंबाने 1984 मध्ये साडेचार कोटी डॉलरच्या आत घेतलेला हा क्लब फोर्ब्सच्या अंदाजात 2010 साली 40 कोटींचा होता आणि मावरच्या करारातले शेवटचे वर्ष आले तेव्हा अब्जाच्या पुढे गेला होता. ज्या कराराने क्लब बुडाला म्हणतात, त्या कराराच्या आठ वर्षांत क्लबची किंमत दुपटीहून जास्त झाली.

हा माणूस कोण, तेही सांगायला हवे. सेंट पॉलमध्ये जन्मलेला, तिथल्याच क्रेटिन-डरहॅम हॉल या शाळेत शिकलेला. शाळेच्या सगळ्या वर्षांत तो बॅटिंग करताना फक्त एकदा स्ट्राइकआउट झाला, ही गोष्ट मिनेसोटात पाठ असते. अमेरिकन फुटबॉलमध्येही देशातला सर्वोत्तम शालेय खेळाडू. 2001 मध्ये ट्विन्सची निवडीत पहिली पाळी होती आणि सगळ्यांचे बोट होते पिचर मार्क प्रायरकडे. ट्विन्सने मावरला घेतले तेव्हा क्लबला कंजूष म्हटले गेले, कारण प्रायर महाग होता: पुढे शिकागो कब्जने त्याला 1 कोटी 5 लाख डॉलर दिले, मावर 51 लाख 50 हजारांत आला. प्रायर 2003 मध्ये खरोखरच ग्रेट होता. पण 2006 नंतर मोठ्या लीगमध्ये त्याने एकही पिच टाकली नाही. मावरला घेतले तेव्हा क्लब चिकट ठरला, ठेवले तेव्हा उधळ्या. दोन्ही वेळा क्लबचा निर्णय बरोबर होता.

आता त्या आठ वर्षांकडे वळू. 2011 वाईटच गेले. आधीच्या डिसेंबरात गुडघ्यावर शस्त्रक्रिया, मग दोन्ही पायांत अशक्तपणा असे क्लबने जाहीर केलेले निदान, आणि फक्त 82 सामने. त्या निदानाची वर्षभर टिंगल झाली. चालता येत असेल तर खेळता येत नाही का, असा सूर. कुणी काही म्हणो, 82 सामने आणि तीन होम रन यांचे समर्थन करता येत नाही, करूही नये.

पण 2012 मध्ये तो 147 सामने खेळला, सरासरी .319, आणि बेसवर पोचण्याचे प्रमाण .416, अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. 2013 मध्ये .324. त्या वर्षी कॅचरमधल्या सर्वोत्तम बॅटरचा पुरस्कार त्यालाच मिळाला. टीकाकार हे दोन मोसम गाळून 2011 वरून एकदम 2014 वर उडी मारतात. होम रन कुठे आहेत, हा त्यांचा हेका. 2009 चे 28 होम रन सोडले तर मावरने आयुष्यात कधीही एका मोसमात 13 च्या वर मारले नव्हते. क्लबने 28 होम रन विकत घेतले अशी समजूत करून घेणाऱ्यांनी खेळाडूचे मागचे आकडेच पाहिले नव्हते. मावरची ताकद वेगळी होती. चांगली पिच येईपर्यंत थांबायचे, पहिली पिच बहुतेकदा सोडून द्यायची, मग चेंडू शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून डावीकडे ढकलायचा. बाद न होणे ही बेसबॉलमधली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे, कारण संघाकडे एकूण सत्तावीसच आउट असतात.

19 ऑगस्ट 2013. टार्गेट फील्डवर मेट्सविरुद्ध सामना. आइक डेव्हिसच्या बॅटला चाटून आलेला चेंडू मावरच्या जाळीवर आदळला. असे रोजच होते; तो पुढे खेळत राहिला. दुसऱ्या दिवशी सरावात डोके गरगरू लागले. मेंदूला मार बसल्याचे निदान झाले आणि तो मोसम तिथेच थांबला. त्याच वर्षी जुलैत त्याला जुळ्या मुली झाल्या होत्या, आणि नोव्हेंबरात क्लबने जाहीर केले की तो यापुढे कॅचर म्हणून खेळणार नाही. प्रखर उजेड आणि मोठा आवाज त्याला बराच काळ सोसत नव्हता. पुढे त्याने सांगितले की बॅटिंग करताना अधूनमधून चेंडू धूसर दिसत असे. ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूपुढे, धूसर.

या मुद्द्यावर काही लोकांनी जे केले ते क्षमा करण्यासारखे नाही. पैसे कॅचरचे घेतो, मग पुन्हा जाळी चढव, असे त्याला सुनावले गेले. मऊ म्हटले गेले. हे म्हणणाऱ्या शहराने जस्टिन मॉर्नोला पाहिले होते: 2006 चा सर्वोत्तम खेळाडू, 2010 च्या जुलैत टोरोंटोत सेकंड बेसवर घसरताना डोक्याला गुडघा लागला आणि ट्विन्ससाठी तो पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. कोरी कोस्की हा ट्विन्सचा जुना थर्ड बेसमन, त्याची तर 2006 मध्ये पडण्याने कारकीर्दच संपली. दोन उदाहरणे डोळ्यांसमोर असताना तिसऱ्याने तिथेच परत जाऊन बसावे, ही अपेक्षा पगाराच्या नावाखाली माणसाचा मेंदू मागते. करारात सेवा विकलेली असते, शरीर विकलेले नसते. आणि त्या अपघाताला करार जबाबदार नाही. एका वर्षाचा करार असता तरी तो चेंडू तिथेच लागला असता. फरक इतकाच की मग मावर बेकार झाला असता.

2014 पासून तीन वर्षे सरासरी .277, .265, .261. फर्स्ट बेसवर हे कमी पडते, यात वाद नाही. 2017 मध्ये ती .305 वर गेली आणि ट्विन्स बाद फेरीत पोचले. एवढे पुरेसे होते का? 2 कोटी 30 लाखांना, नव्हते. या करारात शेवटच्या वर्षांत क्लबने जास्त मोजले हे मान्यच आहे, जसे आधीच्या वर्षांत कमी मोजले होते.

उरला सर्वांत जोरात सांगितला जाणारा मुद्दा, की मावरच्या पगारामुळे दुसरे खेळाडू घेता आले नाहीत. हा मुद्दा बेसबॉलच्या नियमांपुढेच कोसळतो. या खेळात संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेले तर दंडाचा कर लागतो. 2011 मध्ये ती रक्कम 17 कोटी 80 लाख होती. ट्विन्सचा त्या वर्षीचा एकूण पगार होता सव्वाअकरा कोटींच्या आसपास. म्हणजे मावरसारखे आणखी दोन ठेवूनही दंड लागला नसता. 2013 पर्यंत क्लबने तो खर्च आठ कोटींच्या आसपास खाली आणला. मावरचा आकडा तोच राहिला, भोवतालचे आकडे मालकांनी कापले, आणि मग लोकांना दाखवले की बघा, एकट्या मावरचाच वाटा केवढा.

संघ हरला तो कशामुळे, याचीही उत्तरे नोंदलेली आहेत. 2010 च्या जुलैत विल्सन रामोस हा तरुण कॅचर देऊन मॅट कॅप्स हा शेवटच्या इनिंगपुरता पिचर आणला. मावरचा गुडघा कुरकुरत असताना हाताशी असलेला दुसरा कॅचर हाकलला तो क्लबने. त्याच डिसेंबरात शॉर्टस्टॉप जे. जे. हार्डी बॉल्टिमोरला दिला. पुढच्याच मोसमात त्याने तिकडे 30 होम रन मारले. त्याच्या जाण्याने पडलेले खिंडार भरायला जपानहून त्सुयोशी निशिओकाला आणले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रतिस्पर्धी संघाचा निक स्विशर घसरत येऊन आदळल्याने त्याचा पाय मोडला. पिचिंग तर वर्षानुवर्षे कमकुवत. यातले काहीही मावरच्या सहीने झालेले नाही.

हॉवर्डचे उदाहरण द्यायचे तर नीट द्यावे. फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षांचे साडेबारा कोटी दिले 26 एप्रिल 2010 रोजी, मावरनंतर पाच आठवड्यांनी. तो करार खरोखर वाईट होता, आणि सहीच्याच दिवशी वाईट होता. हॉवर्ड तिशीत होता, जुना करार संपायला जवळजवळ दोन मोसम शिल्लक होते, नवा सुरू होताना तो बत्तीस वर्षांचा असणार होता, आणि त्याचा खेळ एकट्या ताकदीवर उभा होता. 2011 च्या बाद फेरीत शेवटचा आउट होताना धावत असतानाच त्याच्या टाचेमागची शीर तुटली, पण घाई आधीच झालेली होती. कॅब्रेराचेही तेच: 2014 मध्ये दोन वर्षे हातात असताना तेहतिसाव्या ते चाळिसाव्या वर्षापर्यंतचे 24 कोटी 80 लाख बांधून टाकले. या दोघांची नावे घेऊन अठ्ठावीस ते पस्तिशीचा करार झोडपणे म्हणजे शेजाऱ्याच्या कर्जासाठी आपल्या दारावर नोटीस चिकटवणे.

मिनेसोटालाच एक जवळचे उदाहरण होते. कर्बी पकेटने 1992 अखेर पाच वर्षांचा तीन कोटींचा करार केला. 1996 मध्ये काचबिंदूने एका डोळ्याची दृष्टी गेली आणि तो निवृत्त झाला, करार पुरा व्हायच्या आधी. त्या पैशाबद्दल कुणी हिशोब मागितला नाही. पकेटने 1987 आणि 1991 चे जगज्जेतेपद दिले होते, मावरने दिले नाही, हा फरक आहे. पण जगज्जेतेपद त्या काळी पंचवीस जणांनी मिळून जिंकायचे असे, आणि मावरला मिळालेले चोवीस कोणी निवडले होते ते वर आलेच आहे.

2024 च्या जानेवारीत मावर पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये निवडून आला. 385 पैकी 293 मते, लागणाऱ्या मतांपेक्षा चारच जास्त. पहिल्या वर्षी निवडून आलेले कॅचर त्याच्याआधी दोनच, जॉनी बेंच आणि इव्हान रॉड्रिगेझ. मते काठावरची होती, आणि ज्यांनी दिली नाहीत त्यांच्या मनात फर्स्ट बेसची ती पाच वर्षे असणारच.

केरूचा तीन हजारावा हिट अॅनाहाइमला झाला. मावरचा दोन हजारावा झाला 12 एप्रिल 2018 रोजी, टार्गेट फील्डवर, ते मैदान उघडल्याला बरोबर आठ वर्षे झाली त्या दिवशी, ट्विन्सच्या गणवेशात. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला, शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध, कराराचा शेवटचा दिवस. सातव्या इनिंगमध्ये त्याने नेहमीसारखा डावीकडे डबल मारला. नवव्या इनिंगला ट्विन्स मैदानात उतरले, फर्स्ट बेसवर दुसराच खेळाडू होता. मग डगआउटमधून मावर बाहेर आला. पायाला पट्ट्या, छातीवर कवच, हातात जाळी. पाच वर्षांत त्याने हे अंगावर चढवले नव्हते. लोक उभे राहिले, प्रतिस्पर्धी संघही टाळ्या वाजवू लागला, आणि तो होम प्लेटमागे डोळे पुसत उभा राहिला. मग जाळी ओढून खाली बसला. मॅट बेलाइलने एक पिच टाकली, योआन मोंकाडाने बॅट फिरवली नाही, चेंडू हातमोज्यात आला. एवढेच ठरले होते, डोक्याला त्याहून जास्त धोका नको म्हणून. बदली कॅचर बाहेर आला, दोघांनी मिठी मारली, आणि मावर टोपी उंचावत आत गेला.